रविवारचं वजन

तब्येतीवर काहीतरी लिहा असं मला सांगितलंय, हे ऐकून आमचे हे जेवता जेवता इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाण्याचा गिलास मीच पुढे केला. "तू लिहून राहिली? तब्येतीवर?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीचे लोक माणसाला वरून खाली पाहतात. ह्यांना मला डावीकडून उजवीकडे पाहावं लागतं.

त्यांचं काही चुकत नाही. गेली कित्येक वर्षं मी नागपूरजवळच्या सौंसरात म्हाताऱ्या माणसांचे पथ्याचे डबे करते. नाममात्र तेल, बेताचं मीठ, साखर नाही. आणि करणारी बाई अशी, की नवीन गिऱ्हाईक दारात आलं की आधी मला पाहतं, मग पाटी वाचतं, मग पुन्हा मला पाहतं. एकाने तर तोंडावर विचारलं, "वैनी, तुमी हेच खाता का?" मी म्हटलं, "नाही भाऊ, मी उरलेलं खाते." खोटं नव्हतं. पथ्याचं अन्न रोज उरतं आणि माझ्याने टाकवत नाही. लोक तेलाने सुटतात, मी उरलेल्या दुधी भोपळ्याने सुटले.

आमच्या धंद्यातली गोम बाहेरच्यांना चटकन कळत नाही, म्हणून सांगते. खाणारा एक असतो आणि सांगणारा दुसरा. खाणारे इथे, सौंसरात, संत्र्याच्या बागा नाहीतर पेन्शन सांभाळत बसलेले. सांगणारे नागपूर, पुणे, हैदराबादला. तिकडून फोन येतो, "काकू, आईला भात बंद करा." संध्याकाळी आई निरोप पाठवते, "थोडा भात टाकजो वो बाई, घशाखाली उतरत नाई." आता मी कोणाचं ऐकू? दोघंही आपल्या जागी खरे. मी मधल्यामध्ये डब्याचं झाकण लावते.

म्हाताऱ्या माणसाचं जेवण करणं म्हणजे कमी करणं नव्हे, एवढं मला बरंच उशिरा उमगलं. दात नसतात, म्हणून भाजी बारीक चिरायची. जीभ मंदावलेली असते, तिला मीठ हवंच असतं, मग मिठाच्या जागी लिंबू आणि भाजलेलं जिरं देऊन तिची समजूत घालायची. भाकरी मऊ ठेवायची आणि सोबत पातळ काहीतरी द्यायचंच, नाहीतर ते चहात टोस्ट बुडवून दिवस काढतात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे परत आलेला डबा पाहणं. खरकटा डबा चांगला. त्यावरून कळतं की वरण संपलं, भाजी कोपऱ्यात सारली, भाकरी अर्धी राहिली. धुऊन आलेला डबा मात्र वाईट. धुतलेला डबा काहीच बोलत नाही.

एक मोठ्या बाई होत्या, निवृत्त हेडमास्तरीण. त्यांचा डबा रोज लखलखीत धुऊन यायचा. मी खूश. पुढे कळलं की माझी भाजी गाईला जायची आणि बाई बसस्टँडवरून समोसे मागवायच्या. मी विचारलं तर त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "गाय तक्रार करून राहिली का?" त्या अजून आहेत, टुणटुणीत आहेत, समोसे चालू आहेत. असलं सगळं मी हसून सांगते. पुढचं मला अजून हसून सांगता येत नाही.

वामनकाकाजी जिनिंगमध्ये काटेवाले होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, आणि काटेवाला म्हणजे शेतकऱ्याची गाडी आली की कापूस तोलणारा माणूस. कापूस ओला करून आणणारे, गाठोड्यात गोटा लपवून आणणारे, सगळ्यांना त्यांनी उभ्या आयुष्यात पकडलं. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यावर ते घरात एकटे राहिले. बाजारचं, तळलेलं, मिळेल ते खात गेले आणि फुगले. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली. मुलगा प्रशांत पुण्याला. तो आला, बापाला धापा टाकताना पाहिलं आणि घाबरला.

"बाबा, सहा महिन्यांत वजन ऐंशीच्या खाली आलं पाहिजे," तो माझ्यासमोरच म्हणाला. "नाहीतर मी तुम्हाला पुण्याला नेणार. इथे काही झालं तर मला पोचायलाच दिवस लागतो."

काकाजींना पुणं नको होतं. एकदा महिनाभर राहून आले होते. मला म्हणाले, "बाई, तिथं लिफ्टमधी सारे आपापल्या मोबाइलात पाहून राहते. मले कोनी 'का वामनराव' म्हनत नाई. इथं मी ओट्यावर बसतो तं रस्त्यानं जानारा कुत्राबी थांबते." कुत्र्याचं त्यांनी खरंच सांगितलं होतं. ते पुढे येईलच.

तर काकाजींचा डबा लागला आणि प्रशांतने पुण्याहून काचेचा, आकडे दाखवणारा वजनकाटा पाठवला. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. काकाजी बंडी-पायजम्यात काट्यावर उभे राहायचे, डबा घेऊन गेलेली मी मोबाइल खाली धरून आकडा दाखवायचे, आणि पुण्यात सोफ्यावर बसलेली मंडळी टाळ्या वाजवायची. मला सुरुवातीला गंमत वाटायची. उभा जन्म दुसऱ्याचं तोलणारा माणूस आता स्वतः काट्यावर चढला होता.

वजन उतरायला लागलं. आधी हळूहळू, मग भराभर. सौंसरात माझं नाव झालं. "वामनरावले कोन उतरवलं? रेखाबाईच्या डब्यानं!" ज्यांना कधी साधं पडसं झालं नव्हतं त्यांनीही डबे लावले. बायका मला विचारायच्या, वरणात काय घालतेस? मी भाव खात होते आणि उरलेलंही खात होते.

काकाजींचा डबा धुऊन यायचा. मी ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "साफ माणूस आहे. तू उगाच कायले शंका घेऊन राहिली?" पण त्या गल्लीतलं एक कुत्रं दिवसेंदिवस गोल होत चाललं होतं. एके दिवशी मी मागच्या दाराने गेले, तर काकाजी माझी भाकरी वरणात कुस्करून त्याला घालत होते.

"काकाजी, हे काय?"

"हळू बोल. लाजते ते." आणि मग मला म्हणाले, "अर्धं मी खाल्लं ना. डॉक्टर म्हनते कमी खा, पोरगा म्हनते कमी खा. मी त्याहून कमी खातो. ऐंशी काय, मी त्याले सत्तर करून दाखवतो. मंग पुन्याचं नाव काढनार नाई तो."

मी म्हटलं, "अहो, माझ्या डब्यात आधीच कमी असतं. त्यातलं अर्धं?"

"बाई, तुह्यं नाव होऊन राहिलं, माह्यं घर राहून राहिलं. कुत्र्याचंबी बरं आहे. यात रडतं कोन?"

मी प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, "काकू, वजन तर मस्त उतरतंय. रिपोर्टही चांगले आलेत. बाबांचा उत्साह कमी नका करू." साखर खरोखरच खाली आली होती. आकडे सगळे चांगले होते. माणूस मात्र ओट्याची पायरी चढताना आधी चौकट धरायला लागला होता, आणि आम्ही म्हणत होतो, वय आहे.

लोधीखेड्याला एका लग्नात आम्ही सोबत गेलो होतो. तिथे जुन्या पद्धतीने खाली पंगत बसली. जो तो म्हणत होता, "काय काकाजी, जवान होऊन राहिले तुमी!" काकाजी मिशीत हसत होते. एक पुरी, चिमूटभर भात, झालं. पंगत उठली. सगळे उठले आणि काकाजी बसून राहिले. आधी वाटलं, कोणाशी बोलताहेत. मग पाहिलं, ते दोन्ही हात जमिनीला टेकून जोर लावत होते आणि कंबर जागची हलत नव्हती. दुसरी पंगत बसायला उभी होती. कोणीतरी हसत म्हणालं, "पोट भारी झालं वाटते!" आमच्या ह्यांनी बगलेत हात घालून त्यांना उचललं. उचलताना हे हसले नाहीत. मला नंतर म्हणाले, "रेखा, त्या मानसाच्या पायात काहीच नाई. पायजमाच आहे नुसता."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण, हिंदी बोलणारी. तिने काटा काढलाच नाही. एक साधी खुर्ची पुढे केली, काकाजींना बसवलं आणि हात छातीवर बांधायला सांगितले. म्हणाली, "दादाजी, अब बिना हाथ लगाए उठिए." काकाजींनी प्रयत्न केला. मान पुढे गेली, छाती पुढे गेली, बूड तिथेच.

"आपका वज़न कम नहीं हुआ, दादाजी. आपकी टाँगें कम हो गईं."

मग तिने आम्हाला समजावलं. म्हातारपणी माणूस उपाशी राहिला की चरबीच्या आधी मांडीचं, दंडाचं मांस जातं आणि गेलेलं सहज परत येत नाही. डाळ, अंडं, दूध, दही रोज पोटात गेलं पाहिजे, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. आणि त्यासोबत पायांना काम, खुर्चीवरून उठबस. नुसतं खाऊनही होत नाही आणि नुसतं फिरूनही होत नाही. वजन कमी करायचं ते मांस सांभाळून. मी तिथे स्टुलावर बसून ऐकत होते आणि आतल्या आत म्हणत होते, बाई, हे सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी सांगायचं होतं. आम्ही सगळे आकडा पाहत होतो. मांडीकडे कोणी पाहिलंच नाही.

प्रशांतला सांगितलं. प्रशांत वाईट नाही. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. त्याने त्याच आठवड्यात ताकदीच्या पावडरीचे डबे पाठवले, व्यायामाचे व्हिडिओ पाठवले, आणि म्हणाला, "बाबा, आता उलटं करायचं. दर रविवारी वजन वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर मात्र ऐकणार नाही, मी घ्यायला येणार."

खुर्ची राहिली बाजूला. पुन्हा काटाच.

पण अर्धं खाऊन खाऊन काकाजींचं पोट आक्रसलं होतं. मी मुगाच्या डाळीचं घट्ट वरण करायची, त्यात उकडलेलं अंडं कुस्करून द्यायची. ते अंडं खात होते, त्यात काही अडचण नव्हती, पण दोन घासांनंतर हात थांबायचा. "बाई, आता इथवर आलं," म्हणून गळ्याला हात लावायचे. मी समोर बसून राहायची. "एक घास काकूच्या नावानं," म्हणायची. ते म्हणायचे, "ते असती तं तिनं तुले कवाच हाकलली असती, तिच्या सैपाकघरात दुसरी बाई तिले चालत नव्हती." आणि तो एक घास राहून जायचा.

तरीही रविवारी वजन वाढत होतं.

थोडं थोडं, पण दर रविवारी. पुण्यात टाळ्या. माझी छाती पुन्हा फुगली. मी ह्यांना सांगितलं, "पाहा, माझं वरण!" हे म्हणाले, "तुह्या वरनाचा मलेच चांगला अनुभव आहे." मी दोन नव्या गिऱ्हाइकांना काकाजींचं उदाहरण दिलं. डॉक्टरणीलाही फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "कुर्सी से उठते हैं?" मी म्हटलं, "उठेंगे, उठेंगे."

तो रविवार थंडीचा होता. काकाजी बंडीवर स्वेटर घालून तयार. मी मोबाइल धरला. पुण्याची मंडळी दिसायला लागली. काकाजी काट्यावर चढले, आकडा आला, तिकडून टाळ्या झाल्या. प्रशांत म्हणाला, "शाब्बास बाबा!" आणि काकाजी उतरायला वळले. एक पाय खाली ठेवला, तो दुमडला आणि ते तसेच बसल्यासारखे खाली आले. फार लागलं नाही. पण फरशीवर खणखण आवाज झाला. लोखंडाचा.

जिनिंगच्या जुन्या तागडीची मापं होती ती. लहान, काळी, मधोमध खोलगट. बंडीच्या आतल्या खिशांतून एकेक करून बाहेर पडत होती. एक घरंगळत माझ्या पायाशी आलं. मोबाइल माझ्या हातातच होता आणि सगळं पुण्याला दिसत होतं.

मग काकाजी खाली बसूनच बोलले, माझ्याकडे पाहून नाही, मोबाइलकडेही नाही. "उभी जिंदगी लोकायचे गोटे पकडले मी," म्हणाले. "माह्या गाठोड्यात कोनी पाहनार नाई असं वाटलं."

प्रशांतचा आवाज आला, "बाबा, उठा. आधी उठून खुर्चीवर बसा."

ते उठू शकले नाहीत. त्यांनी एक हात काट्यावर टेकला, तशी काट्यावर पुन्हा काहीतरी आकडा उमटला. मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि ह्यांना हाक मारली.

प्रशांत दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. तो रागावला नाही, ओरडला नाही. बापाचे पाय चेपत बसला होता. काकाजी एवढंच म्हणत होते, "मले एक महिना दे." प्रशांत म्हणाला, "बाबा, मी दिले होते महिने." आणि बाहेर ओट्यावर येऊन रडला. मी आत त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत होते. बंडी घडीत ठेवू की नको, मला कळेना. ठेवली.

आता माझ्याकडे नवीन डबा लागला की मी वजन विचारत नाही. त्यांच्या पोराला फोनवर सांगते, आधी आईला खुर्चीवर बसव आणि हात न लावता उठायला सांग, मग आपण भात-पोळीचं बोलू. काही पोरं ऐकतात. काही म्हणतात, काकू, ते राहू द्या, महिन्यात किती किलो उतरेल ते सांगा. त्यांचेही डबे मी करते. धंदा आहे. एक खुर्ची मी घरातही ठेवली आहे. रोज उठबस करते. आमचे हे बाजूला बसून पाहतात, मदत म्हणून "हुप्पा!" म्हणतात. गुडघे कुरकुरतात, पण मी उठते. पोट कमी झालेलं नाही. ते आता झालं नाही तरी चालेल.

काकाजींचं पुण्यात चांगलं झालं. हे मुद्दाम लिहिते, कारण कोणी असं समजू नये की मुलाने नेलं आणि संपलं. तिथे शिकलेली व्यायामाची बाई रोज घरी यायची. वेळेवर दूध, अंडी, डाळ. सूनबाई समोर बसून खाऊ घालायची, आणि बहुतेक तिच्या हातचा तो एक घास जात असावा. दिवसादिवसाने ते सुधारत गेले. जे सौंसरात आम्हाला कोणाला जमलं नाही, ते तिथे झालं.

मध्यंतरी प्रशांतचा फोन आला होता. म्हणाला, "काकू, एक सांगायचं होतं. घर विकलं." घर त्याच्याच नावावर होतं. आपल्यामागे पोराला कचेरीत चकरा नकोत म्हणून काकाजींनीच करून दिलं होतं. "बंद घर पडून राहिलं असतं, पावसात गळत होतं," तो म्हणाला. "बाबांना अजून सांगितलं नाही. आत्ता कुठे जेवायला लागलेत. तुम्हीही बोलू नका, प्लीज." मी नाही बोलले. नव्या मालकाने ओटा फोडून तिथे गाडी आत घ्यायला उतार केला आहे आणि लोखंडी फाटक लावलं आहे. माझ्या रस्त्यातच पडतं.

मागच्या आठवड्यात, मी पोळ्या लाटत असताना, काकाजींचा फोन आला. आवाज असा खणखणीत, की मी आधी ओळखलाच नाही.

"रेखाबाई! उठलो ना वो मी! हात न लावता! एकदा नाई, लागोपाठ!"

"काय सांगता काकाजी!"

"मंग काय! व्यायामाची बाई म्हनते, दादा, आता तुमी एकटे राहू शकता. तिनंच म्हटलं, मी नाई. आता प्रशांतजोळ बोलाले तोंड आहे मले. दिवाळी झाली का येतो. तू डबा सुरू करजो."

तवा तापला होता.

"ऐकून राहिली ना?"

"हाव काकाजी. काय काय पाठवू?"

"सकाळी मुंगाचं वरन, घट्ट, तू करत होती तसं. आता जाते मले. अंडी दोन. ज्वारीची भाकर, पन पातळ नको थापू. सोमवारी कढी. आंबाडीची भाजी निघाली का बाजारात? निघाली असन तं तेबी. अन् मी कुत्र्याले नाई देनार आता, कसम." ते हसले. मग पुन्हा सुरू झाले, आठवून आठवून, एकेक वार घेऊन, मंगळवारी काय, बुधवारी काय. रविवारपर्यंत आले. "रविवारी थोडासा गोड भात. एक दिवस चालते. लिहून घेतलं का बाई?"

"हाव काकाजी, घेतलं," मी म्हटलं.

माझे दोन्ही हात पिठाचे होते.